अशा लोकांसाठी

डॉक्टरांनी माझी पिशवी टेबलावर उपडी करायला लावली. सगळ्या पेशंटांसमोर.

धंतोलीतला तो खासगी दवाखाना. मी तिथं आया होते. बाळंतिणींचं सगळं काढायचं, रडणारी लेकरं थोपटायची. त्याच हातांनी मी माझा डबा उघडला. भाकर, वांग्याची भाजी, फोडलेला कांदा. डॉक्टर लांबूनच म्हणाले, "नीट बघून घ्या, बॉम्ब तर नाही ना." लोक हसले. आदल्या दिवशी जिचं बाळ मी न्हाऊ घातलं होतं, ती बाईही हसली. उद्यापासून येऊ नकोस, असं मला सांगण्यात आलं. मी सांडलेली भाकर गोळा केली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी उचललं होतं. नक्षलवाद्यांना स्फोटकं पुरवणारा सापडला, असं पेपरात आलं. पेपरवाल्यांना त्याचं नाव ठाऊक, वस्ती ठाऊक. तो कुठं आहे, ते मात्र कुणीच सांगत नव्हतं.

भाऊ फळबाजारात हमाल होता. आंबे, केळी लवकर पिकावीत म्हणून अडते लोक पेट्यांत कार्बाइडच्या पुड्या ठेवत. ओल लागली की कार्बाइड वाया जातं. म्हणून उरलेलं तो डालड्याच्या डब्यात घालून घरी आणून ठेवायचा, बुद्धाच्या फोटोमागच्या फळीवर. आमच्या घरात तेवढीच जागा गळत नव्हती. त्या हंगामात त्यानं हमालांचा संप केला होता. अडते दात धरून होते. कुणीतरी नाव सांगितलं आणि पोलीस आले.

डबा निघाला. हे काय आहे, म्हणून विचारलं. माझी माय घाबरली. तीही बाजारात फळं निवडायची. कार्बाइडचा खडा चांगला आहे की मेलेला, हे तिथं पाणी टाकून बघतात. यात लपवण्यासारखं काही नाही, हे दाखवायला तिनं तेच केलं. वाटीत दोन खडे टाकले, वरून पाणी ओतलं. फसफसून धूर निघाला, वास सुटला. शिपाई दाराबाहेर पळाले. परत आले ते काठ्या घेऊनच. भावाला केसांना धरून ओढत नेलं.

माय त्यानंतर जेवली नाही. "मीच पाणी टाकलं वं," एवढंच म्हणायची. "मीच धाडलं माह्या लेकराले."

मी रोज ठाण्यावर जायचे. असा कुणी माणूस आमच्याकडे नाही, असं हवालदार सांगायचा. मी हात जोडायचे, पाया पडायचे. साहेब, माझा भाऊ तसा नाही हो. त्यानं कधी मुंगी मारली नाही. रडून रडून तेच तेच सांगायचे. तो किती चांगला आहे हे पटवलं की सोडतील, असं मला वाटायचं. किती खुळी होते मी.

पाचव्या दिवशी एका मोठ्या वकिलाकडे गेले. आत बोलावलं नाही, पायरीवरच उभं ठेवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. संविधानातच आहे तसं. पण बाई, ते अशा लोकांसाठी नसतं."

अशा लोकांसाठी.

शाळेतला माठ अशा लोकांसाठी नव्हता. दवाखान्यातली कपबशी अशा लोकांसाठी नव्हती. जे संविधान आमची वस्ती दरवर्षी वाजतगाजत मिरवते, तेही नाही? माझं रडू तिथंच आटलं. राग आला. पहिल्यांदा इतका आला.

तशीच कोर्टात गेले. शिपायानं अडवलं, त्याचा हात झटकून आत घुसले. मॅजिस्ट्रेटसमोर उभी राहिले.

"साहेब, माहा भाऊ चांगला हाय का वाईट, ते मी सांगत नाही. ते तुम्ही ठरवा. पण पाच दिवस झाले, त्याले तुमच्यासमोर काहून नाही आणलं?"

साहेबांनी मान वर केली. नाव विचारलं. मग ठाण्याला हुकूम गेला.

दुपारी त्याला आणलं, दोन शिपायांच्या खांद्यांवर. आज सकाळीच पकडला, असं पोलीस बेधडक बोलले. त्याचे तळवे काळेनिळे होते. साहेबांनी ते पाहिलं आणि पंख्याकडे बघत राहिले. त्याला लावलेला कायदा नवा होता, कडक होता. जामीन झाला नाही.

तो सुटून हाती लागला तो वर्षानं. सिद्ध काहीच झालं नाही. आता दारात कुणी उभं राहिलं की तो मोरीत जाऊन बसतो. माय हे बघायला उरली नाही. आपणच लेकराला मारलं, असं म्हणतच ती गेली. हे दुःख मला गिळवत नाही, कधी गिळवणारही नाही.

परवा पलीकडच्या वस्तीतला एक जण उचलला. त्याच्याकडे खरोखरच बंदूक सापडली म्हणतात. आमचीच माणसं मला म्हणाली, तू कशाले जातं वं, तो काय तुह्या भावासारखा हाय? नसेल. मी गेले. इन्स्पेक्टरनं वर न बघताच विचारलं, तो तुझा कोण लागतो.

"कोणीच नाही," मी म्हणाले. "त्याले कोर्टात कधी नेता ते सांगा. तोवर मी इथून हालत नाही."