शेवटच्या निळ्या मादीचं बाळंतपण

वार्तिनी गाभण गप्पी जाळीनं कधीच पकडत नाही. वाडगा पाण्यात आडवा धरते, मासा आत येईपर्यंत थांबते आणि पाण्यासकट उचलते. जावा बेटावरच्या तुलुंगआगुंगमधल्या तिच्या गल्लीत प्रत्येक अंगणात सिमेंटच्या टाक्या आहेत, पण गडद निळ्या शेपटीचे गप्पी फक्त हिच्याकडे. नऊ वर्षं निवडून निवडून तिनं ते जमवले होते. गेल्या महिन्यात रोग आला आणि एकच मादी उरली. नर एकही नाही. मात्र गप्पीची मादी नराचं बीज पोटात महिनोन्‌महिने साठवून ठेवते. म्हणजे निळ्यांचा वंश पुढे चालायचा, तर तो याच पोटातून.

सोमवारी मादीचं पोट खालून चौकोनी दिसू लागलं. शेपटीकडचा डाग काळाभोर झाला. वार्तिनीनं तिला वेळेवर हलवलं. ऐन वेळी हलवलं तर पिल्लं कच्ची पडतात. भात वाफवायची जुनी, शंकूसारखी बांबूची टोपली तिनं टाकीवरच्या आडव्या काठीला दोरीनं बांधली, निम्मी पाण्यात. मादी टोपलीत राहते, पिल्लं विणीतून खाली निसटतात. एरवी आईच ती गिळते. पिल्लांना लपायला टोपलीखाली जलपर्णीचे दोन गड्डे सोडले, रोग दूर राहावा म्हणून बदामाचं एक वाळलेलं पान टाकलं.

मंगळवारी सकाळी मादी कोपऱ्यात निश्चल होती. वार्तिनी शेताच्या चरातून डासांच्या अळ्या आणायला गेली. परत आली तर टोपली आडवी तरंगत होती. दोरी काठीवर नीट घडी घालून ठेवलेली. सासू, सागिनेम, पायरीवर बसली होती. वार्तिनी तिला म्बोक, म्हणजे आई, म्हणायची.

"म्बोक, गाठ कुणी सोडली?"

"मी. घरात बाळंतीण अडलेली आणि तू गाठी मारून बसलीस? पेट्या, कपाट, तांदळाच्या डब्याचं झाकण, सगळं उघडलंय बघ. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी अडले होते तेव्हा माझ्या सासूनं म्हशीचं दावंसुद्धा सोडलं होतं."

"म्हैस सापडली का?"

"सापडली की. तिसऱ्या दिवशी."

वार्तिनी हसली नाही. मादी टाकीत मोकळी फिरत होती. पोट उतरलेलं. पिल्लू एकही दिसत नव्हतं.

"म्बोक, ती पिल्लं खाते."

"आई कुठं पोरं खाते का, न्दुक, पोरी? मग तुझ्याच माशांना वळण नाही."

वार्तिनीनं आणलेल्या अळ्या टाकीच्या एका कडेला ओतल्या. मादी तिकडे वळली. वाडगा आडवा धरून ती आत येईपर्यंत वार्तिनी थांबली, मग तिला शेजारच्या टाकीत सोडलं. त्यानंतर तिनं जलपर्णीचा एक गड्डा हलकेच उचलून पांढऱ्या परातीतल्या पाण्यात धरला आणि मुळं एकेक करून हलवली. काळ्या डोळ्यांची काचेसारखी एक रेघ सुटली. मग तीन. मग सहा.

"अगंबाई, एवढुशी!" सासू खाली वाकली. "सरक, माझे डोळे तुझ्याहून बरेत."

दोघींनी मोजली. सासूची तेहेतीस, सुनेची एकतीस. पुन्हा मोजल्यावर एकतीस ठरली. आधी किती गिळली गेली, ते मोजायची सोय नव्हती. नर किती, माद्या किती, ते महिन्याभरानं कळेल. वंश चालवायला एकतीस पुरेशी होती.

"बघ," सागिनेम म्हणाली, "गाठ सोडली म्हणून सुटली."

"पुढच्या खेपेला तुमचा अंबाडा सोडा. टोपलीला हात लावायचा नाही."

"सोडीन की. केस विंचरायला तूच बस मग."

वार्तिनीनं अंडं उकडलं. बलकाचा चिमूटभर भाग फडक्यातून पाण्यात पिळला. एकतीस तोंडं वर आली. उरलेलं अंडं सागिनेमनं मीठ लावून पायरीवर बसूनच खाल्लं.