राखलेला डोंगर

शिरूरकडचे एक मेंढपाळ मामा माझ्या ओळखीचे आहेत. डोंगर हिरवा व्हावा म्हणून तिथं मेंढरं न चारण्याबद्दल सरकार त्यांना पैसे देतं. त्या पैशातून मामांनी जुना डिझेल टेम्पो घेतला. आता मेंढरं रोज टेम्पोतून लांबच्या माळावर चरायला जातात. कुत्रं ऐटीत पुढच्या सीटवर बसतं. बोलतानाही मामा इंजिन बंद करत नाहीत.

"मामा, चालत कावून नेत न्हाई?" मी धुरात खोकत विचारलं.

"वाट डोंगरावरनं जाती, मास्तर. सरकारला शब्द दिलाय!"

परवा पर्यावरण राखल्याबद्दल वनखात्याच्या साहेबांनी रोप देऊन मामांचा सत्कार केला. पुढं कुत्रं बसलेलं, म्हणून मामांनी रोप जपून मागं मेंढरांत ठेवलं.