गाडी चालू असताना

आकुर्डीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हरकाका गतिरोधक आला की न चुकता म्हणायचे, “धरा, बाळांनो.” बाकी बोलणं कमीच. त्यांची मुलगी नौदलात, जहाजावर. कुणी विचारलं तर म्हणायचे, “हाय पाण्यात.” कुठल्या पाण्यात, ते तिनं सांगायचं नाही आणि यांनी विचारायचं नाही.

त्या दिवसांत समुद्रात जहाजांवर हल्ले होत होते. बसमधले लोक मोबाईलवर त्याच बातम्या मोठ्यानं लावत. मुलीचा फोन बरेच दिवस आला नव्हता. काकांनी कुणाला आवाज कमी करायला सांगितलं नाही, पण त्यांची मान ताठ व्हायची.

एका सकाळी तळवड्याच्या पुढं, ट्रकांच्या गर्दीत त्यांचा फोन वाजला. पडद्यावर मुलीचा फोटो होता. मी पहिल्याच सीटवर होते.

“काका, गाडी बाजूला घ्या.”

“इथं जागा न्हाई. मागं माणसं हायेत. तुमी घ्या, ताई. जेवली का इचारा.”

मी फोन घेतला. बाबा गाडी चालवतायत म्हटल्यावर ती हसली. “चालवू द्या. मी बरी आहे म्हणून सांगा.” जेवणाचं विचारायच्या आत फोन कट झाला.

मी सगळं सांगितलं. काकांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

कंपनीत बाकी सगळे उतरले, तरी त्यांनी स्टिअरिंग सोडलं नव्हतं.

“हसली म्हणालात. कशी हसली?”

मला तसं हसून दाखवता येईना. मग काकांनीच बारीक आवाजात हसून दाखवलं आणि माझ्याकडं पाहिलं.

“आशी?”

“अगदी अशीच,” मी म्हणाले.