आंबा: पुरे आता

भुताखेतांच्या कथा मी वर्गात रंगवून शिकवल्या, पण घरात कधी आणल्या नाहीत. सुमन, माझी पत्नी, तर माझ्याहून पुढची. ती शाळेत विज्ञान शिकवायची. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की आधी थर्मामीटर लावायला सांगायची. त्यामुळे हे लिहिताना तिचाच संकोच वाटतो... तरी लिहितो.

आमचं शेत पुणतांब्याजवळ, नदीपासून थोडं आत; नदीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. काळी जमीन, पेरूची बाग. निवृत्तीनंतर सुमनने तिथे सेन्सर बसवले. जागोजागी खांब, प्रत्येकावर एक डबी, तळहाताएवढी सोलर प्लेट, आणि मुळांजवळ रोवलेली, मातीतली ओल मोजणारी काडी. वायर कुठेच नाही. एवढ्या लांबून ही डबी घरी कळवते कशी, हे मला समजेना.

"अहो, ती घरी कळवतच नाही," सुमन म्हणाली. "शेजारणीला सांगते. शेजारीण पुढच्या शेजारणीला. सासूबाई विहिरीवरून हाळी द्यायच्या ना, तसं. शेवटची आपल्या गच्चीवरच्या डब्याला सांगते, आणि तो मोबाईलवर."

"आणि मधली एखादी झोपली तर?"

"झोपतातच त्या. म्हणून तर बॅटरी पुरते. जरा उठतात, बोलतात, परत झोपतात. तुमच्या स्टाफरूमसारखं!"

एखादी कायमची बंद पडली तर बाकीच्या दुसरीकडून वाट काढतात, हेही तिने तेव्हाच सांगितलं होतं.

तिला त्याचा नादच लागला. पाण्याची टाकी भरली की मोबाईल वाजायचा, कांद्याच्या चाळीत उष्मा वाढला की वाजायचा. कंपनीने डब्यांना नंबर दिले होते, तिने नावं दिली — विहीर, बांध, लिंब, गोठा. इंग्रजी सूचना काढून स्वतःच्या घातल्या. माती सुकली की यायचं, "लिंब: तहान लागली." ओल आणि हवा दोन्ही बेताची असली की, "वाफसा." पाणी जास्त झालं की, "पुरे आता." पंगतीत ताटावर आडवा हात धरून ती म्हणायची, अगदी तसं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजार थोड्याच दिवसांचा. राख नदीत सोडू नका, शेतात एखादं झाड लावा, असं सांगून ठेवलं होतं. गंगेच्या काठी राहून रक्षा गंगेत नाही, हे माझ्या थोरल्या भावाला, दादांना, पटलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी तेच रोपवाटिकेत गेले. पेरूची कलमं संपली होती म्हणून केशर आंब्याचं घेऊन आले. "तिनं सांगितलंय म्हनल्यावर आपुन कोन?" एवढंच बोलले. खड्डा घेताना 'बांध' नावाची डबी मध्ये येत होती. दादांनी ती उपटली, बॅटरी काढून माळ्यावर टाकली.

मग भेटायला माणसं येऊ लागली. येणारा प्रत्येक जण कलमाला तांब्याभर पाणी घालायचा. ही रीत कुणी सुरू केली, कोण जाणे. नदीवर घातलं असतं ते इथे घालत असावेत. हळूहळू पानं पिवळी पडली, शेंड्याने मान टाकली.

"लई तहानलंय वो झाड," शेजारच्या वस्तीवरच्या कमळाक्का म्हणाल्या. "बाईंचा जीव पान्यात अडाकलाय. घाला अजून."

"जगलं पायजे," दादा पुटपुटले. "न्हाई तर गाव म्हनंल, गंगंत सोडली न्हाई, भोगा आता."

मला गावाची भीती नव्हती. त्या मातीत ती होती. झाड गेलं तर ती दुसऱ्यांदा जाणार होती. मी सकाळ-संध्याकाळ कळशी रिती करत होतो. आम्ही शेतकऱ्याच्या घरातली माणसं, एरवी चटकन ओळखलं असतं. पण ते पाणी झाडासाठी नव्हतंच, आमच्यासाठी होतं.

महिन्याच्या जेवणाला पाहुणे जमले होते. भर दुपार, कलमापाशी तांबे घेऊन रांग. सगळ्यात पुढे मी, कळशी कलती केलेली. खिशात मोबाईल वाजला.

"आंबा: पुरे आता."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दादांना दाखवलं.

"ती बांधावरची डबी बोलली आसंल."

"ती माळ्यावर आहे, दादा. आणि तिचं नाव आंबा नाही."

दादा खाली बसले. कलमाशेजारी बोट खुपसलं, ते पेरापर्यंत चिखलात गेलं. बाहेर काढून हुंगलं. कुजका वास.

"थांबा रं समदी!" ते ओरडले. "बुडवून मारताय व्हय तिला?"

कमळाक्कांनी आपला भरलेला तांब्या पदराखाली घेतला. आम्ही आळं फोडलं, चर खणून पाणी उतरवलं, मुळांशी वाळू मिसळली. पुढे पंधरवडाभर कुणी थेंब घातला नाही. चैत्रात शेंड्याला तांबूस पालवी आली. दादा ती पाहायला रोज यायचे आणि मला म्हणायचे, सहज आलतो.

त्याच सुमारास कंपनीच्या इंजिनिअर बाई वार्षिक तपासणीला आल्या. मी त्यांना मेसेज दाखवला.

"काका, नेट गेलं की गच्चीवरचा डबा निरोप साठवून ठेवतो, उशिरा पाठवतो. पावसाळ्यातला अडकलेला असेल."

"आंबा नावाचा?"

त्यांनी लॅपटॉपवर बराच वेळ शोधलं. त्या नावाची डबी कधी नोंदलीच गेली नव्हती.

"मॅडमनी आधी नाव टाकून ठेवलं असेल..."

"ताई, आंबा लावायचा हे ती गेल्यावर रोपवाटिकेत ठरलं. तेही पेरू नव्हता म्हणून."

त्यांनी माळ्यावरची डबी उघडून पाहिली — बॅटरीची जागा रिकामी, आत कोळ्याचं जाळं.

मी त्यावर पुष्कळ वाचलं, विचारलं. उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन.

निघताना बाई म्हणाल्या, "काका, आंब्यापाशी एक नवी डबी लावून देऊ का?"

मी नको म्हणालो. तिथे डबी असती, तर यापुढचा प्रत्येक निरोप डबीचाच ठरला असता.