घमापूरपर्यंत चालणारी गाडी

जबलपूरच्या फलाटावर पाय ठेवला आणि पहिला शब्द कानावर आला तो 'काय'. एक हमाल दुसऱ्याला म्हणत होता, "काय, सुनाई नहीं देता?" इटारसीपासून मनातल्या मनात हिंदी जुळवत आलेला मी हरखून गेलो आणि अस्सल पुणेरीत त्याला बॅग उचलायला सांगितलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. इथल्या हिंदीत 'काय' म्हणजे 'का रे', हे मला न्यायला आलेल्या भाऊजींनी समजावलं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इथल्या एका लष्करी कारखान्यात ट्रकचा रंग तपासण्याचं काम करतात. रंग पसंत पडला की चिठ्ठीवर 'पास' लिहून सही करायची. घरीसुद्धा ते ताटातली पोळी उलटीपालटी करून मगच तुकडा मोडतात. ताईचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता, म्हणून मदतीला मी आलो होतो. स्वयंपाकात माझी मदत म्हणजे काय, हे ताईला ठाऊक होतं, पण तिने बोलावलं होतं.

लढाईचा हिवाळा होता. स्टेशनबाहेर भाऊजींची मोटार उभी होती, तिला पाहून मी दोन पावलं मागेच सरलो. कोणा साहेबाने विलायतेला परतताना विकलेली ती जुनी गाडी मी पूर्वी फोटोत पाहिली होती, तेव्हा ती करडी होती आणि तिची चकाकती पितळी-पोलादी नक्षी बघण्यासारखी होती. आता ती डांबराच्या पिंपासारखी दिसत होती. ब्लॅकआउटसाठी मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे करा, असा हुकूम निघाला होता. लोकांनी दिवे अर्धे काळे केले. भाऊजींनी दिवे केले, मग बंपर, चाकांच्या टोप्या, दारांच्या मुठी, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, जे जे म्हणून चमकत होतं त्यावर काळ्या रंगाचे तीन हात दिले. चांदण्यात वरून विमानाला काय दिसेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शत्रूचं विमान एवढ्या लांब येणार ते भाऊजींची मोटार शोधायला, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

घमापूरचा गजबजलेला बाजार ओलांडून थोडं पुढे गेलो आणि गाडीने दोन आचके देऊन प्राण सोडला. भाऊजी शांतपणे उतरले. पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं मेलेला, म्हणून टाकीचं झाकण काढून त्यांनी बांबूची काडी आत बुडवली. पेट्रोल होतं. मग बॉनेट उघडून त्यांनी एक प्लग काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत बसवला. मी हँडल मारलं आणि गाडी चालू झाली. "प्लग," भाऊजी म्हणाले. तेच निदान त्यांनी महिनाभर रोज केलं होतं. सकाळी ही गाडी आज्ञाधारक मुलीसारखी निघते आणि तीन-एक मैलांवर रुसते. घरून निघालं की तीन मैलांवर घमापूर येतं, त्यामुळे कॉलनीत तिचं नावच 'घमापूर मेल' पडलं होतं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण घरी पोचल्यावर ताईने मला जवळ बसवून सांगितलं ते ऐकून मी हसणं थांबवलं. तिचा एकुलता एक मुलगा सुधीर सैन्यात ट्रक चालवत होता. त्याची तुकडी आगगाडीने सीमेकडे निघाली होती आणि गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास जबलपूरला थोडा वेळ थांबणार होती. ओळखीच्या एका रेल्वेवाल्याने ही बातमी कुजबुजत दिली होती. "दीड वर्ष झालं पाहून त्याला," ताई म्हणाली. "मला तर रिक्षातही चढता येत नाही अशा पायानं. मोटारच पाहिजे." मधे तीन दिवस होते.

कॉलनीतल्या प्रत्येक घरात कारखान्याचा माणूस, त्यामुळे गाडीला डॉक्टरांची वाण नव्हती. अडचण एवढीच, की प्रत्येक जण आयुष्यभर एकाच खात्यात राहिलेला. इंजिन खात्यातल्या शुक्लाजींनी लांबूनच सांगितलं, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. वायरिंग खात्यातले बोंद्रेकाका म्हणाले, कॉइल तापते. पुरी गाडी चालताना दोघांपैकी कोणी फारशी पाहिली नव्हती. कारखान्यात ती पुढच्या खात्यात जाते.

मंगळवारी चाचणी म्हणून आम्ही पनागरच्या रस्त्याला लागलो. हिरव्यागार शेतांत मटार लगडला होता आणि हवेत उसाचा रस कढवल्याचा गोड वास होता. पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा शुक्लाजींनी झाकण काढून काडीने पेट्रोल बघितलं, मग कार्बोरेटर फुंकला. गाडी सुरू झाली. शुक्लाजींनी विजयी मुद्रेने विडी पेटवली. तीन मैलांनी ती परत बंद पडली, तेव्हा बोंद्रेकाकांनी आधी पेट्रोल बघितलं (पेट्रोल बघितल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, हा तिथला सोवळ्याचा नियम) आणि मग कॉइलवर ओला रुमाल ठेवला. गाडी सुरू झाली. प्रत्येक इलाज गुण देत होता आणि कुठलाच टिकत नव्हता. माझा पुण्यातला वैद्यही असाच आहे. परतताना गाडी दोनदा ढकलली, आणि त्या भानगडीत रस्त्याकडेच्या बाईकडून घेतलेल्या मटाराची पिशवी टपावरून सांडली, ती शेळ्यांनी संपवली.

मी भाऊजींना विचारलं, तुमच्या खात्याचं काय मत आहे? ते चक्क दुखावले. "रंगामुळे गाडी कधी बंद पडून राहिली का?" ते म्हणाले.

गुरुवारी ताईला उचलून मागच्या बाकावर बसवलं, पाय लांब करून. मोडल्यापासून ती पहिल्यांदाच मोटारीत बसत होती. मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा आणि हाताने विणलेला स्वेटर. शुक्लाजी आणि बोंद्रेकाका येणार होते, पण दोघांची कारखान्यात पाळी लागली. गाडी छान निघाली आणि घमापुरात, भर बाजारात, ठरल्या जागी उभी राहिली. अकराला पंचवीस मिनिटं होती.

भाऊजींनी झाकण फिरवलं. ताई म्हणाली, "थांबा. हा आवाज कशाचा?"

भाऊजी म्हणाले, पेट्रोलच्या वाफेचा असतो.

"नाही. वाफ बाहेर येते. हे तर हवा आत ओढून राहिलं." तिने खिडकीतून हात काढला. "द्या ते झाकण इकडे. घासलेटच्या डब्याला आपण दोन भोकं काहून पाडतो? एकातून घासलेट येतं, दुसऱ्यातून हवा जाते. याचं दुसरं भोक कुठं आहे?"

झाकणावर भोक नव्हतं. तीन हात काळा रंग होता, एकसारखा, कुठेही ओघळ नाही. ताईने केसांतला आकडा काढून मधोमध खरवडलं आणि रंगाचा पापुद्रा निघाला तसं खाली टाचणीएवढं भोक दिसलं. सगळ्यांचे सगळे इलाज झाकण उघडण्याने लागू पडत होते. भाऊजींनी प्लगला हात लावला नाही, कशालाच लावला नाही. झाकण बसवलं, मी हँडल मारलं, आणि गाडी थेट स्टेशनात जाऊन थांबली.

सैनिकांची आगगाडी सुटायच्या बेतात होती. हमालाच्या ढकलगाडीवर ताईला बसवून आम्ही धावलो. डब्यांच्या मागे उघड्या वाघिणींवर हिरवे ट्रक बांधलेले होते, नवे कोरे. सुधीरनेच आम्हाला आधी पाहिलं. चार मिनिटं मिळाली असतील. ताईने त्याचं मनगट धरलं आणि काय काय बोलायचं ठरवलेलं सगळं विसरून, जेवत जा, एवढंच दोनदा म्हणाली. भाऊजी ट्रककडे बघत होते. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्या गाडीच्या टाकीचं झाकण काढून बघ. भोकात रंग बसला असेल तर तारेनं मोकळं कर. सगळ्यांच्या गाड्यांचं बघायला सांग. आजच."

सुधीर हसला. "हो बाबा," म्हणाला. आगगाडी हलली.

परतीच्या वाटेवर ताई रडली आणि मग रागावली. दीड वर्षाने पोरगा भेटला, तो लढाईवर निघाला, आणि बापाला बोलायला झाकण सापडलं, असं ती म्हणाली.

"झाकणावर रंग सारखा बसला का, एवढंच बघत आलो मी," भाऊजी म्हणाले. "भोक कधी बघितलंच नाही. आणि तो मी पास केलेल्या गाडीत बसून चालला आहे."

ताईने पुढे वाकून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घमापूर आलं आणि गेलं.

आठवड्याने मी निघालो. पुण्याला लोक विचारणार, भेडाघाट पाहिलात का, धुवांधार पाहिलात का. मी काहीच पाहिलं नव्हतं. इटारसीला गाडी बदलताना पलीकडच्या रुळावर ट्रक लादलेली एक आगगाडी उभी दिसली आणि चहा तसाच ठेवून मी तिकडे चालू लागलो. पहाऱ्यावरच्या जवानाने अडवलं, विचारलं, क्या देख रहे हो, भैया? टाकीचं झाकण, असं कसं सांगणार? माझ्या मोडक्या हिंदीत म्हटलं, आमचा मुलगा असाच एक ट्रक घेऊन गेला आहे. तो जरा विरघळला. म्हणाला, अच्छा, दूर से देख लो.

मी लांबून बघितलं. लांबून फक्त रंग दिसत होता, आणि तो फार छान बसला होता.