किमसाहेबांच्या आईचा पत्ता

तीन आठवड्यांपूर्वी लष्कराचं पाकीट दुकानात आलं. किमसाहेब ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मारले गेले. कोरियातल्या माणसाच्या मरणाची बातमी लोणावळ्याच्या घड्याळजीला कशी काय, असं पोस्टमननं विचारलं.

त्यांच्या देशावर जपानचं राज्य. ऐन विशीत घर सोडून ते मांचुरियात गेले, डोंगरांत लपून बंदुका जमवल्या, आपल्यासारख्याच परागंदा तरुणांच्या तुकड्या उभ्या केल्या. पुढे चीनमधून इंग्रजांच्या मदतीला आले आणि हिवतापानं खंगले, म्हणून लष्करानं त्यांना इथल्या एका रिकाम्या बंगल्यात विश्रांतीला ठेवलं. हे सगळं मला मागाहून कळलं. आधी कळलं ते एवढंच, की घड्याळ दुरुस्तीला आणणारा हा अबोल माणूस बंगल्याच्या आवारात उभा राहून जपानीत ओरडतो. टोकिओ रेडिओ मी चोरून ऐकत असे, ती भाषा कानात बसली होती. मग काय, मी मोठा शहाणा! तडक चौकीवर गेलो आणि जपानी हेर आहे म्हणून सांगून आलो.

ओरडणं हे त्यांचं कामच होतं. आघाडीवर कर्ण्यातून जपानी शिपायांना शस्त्रं टाकायला सांगायचं, त्याचा तो सराव. खुलासा झाल्यावर पोलीस माफी मागून परतले. पण दुसऱ्या दिवशी किमसाहेबांचा स्वयंपाक करणारी मळवलीची ठकूमावशी दुकानात आली.

“अब्बासभाई, पोलीस फाटकात दिसलं आन् साहेबांनी समदी कागदं चुलीत घातली की वं. आईची पत्रं व्हती त्यात. कालपास्नं जेवलं न्हाईत.”

परागंदा माणसांची ती रीतच. पोलीस दिसले की आधी कागद जाळायचे, म्हणजे मागची माणसं सापडत नाहीत. पुढे ओळख वाढली, ते रोज दुकानात येऊन बसू लागले, तेव्हा मी भीत भीत विचारलं, आईचा पत्ता आठवत नाही का? तोडक्या हिंदीत म्हणाले, तिनं गाव बदललं होतं, नवा पत्ता शेवटच्या पत्रात होता, पाठ करायचा राहिला. “इथले पोलीस मला धरणार नाहीत, हे ठाऊक होतं. हातांना कळलं नाही.”

चुगली कुणी केली, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. दहादा ओठांवर आलं आणि गिळलं. आघाडीवर परतताना त्यांनी विचारलं, माझं काही बरंवाईट झालं तर कळवायला तुमचं नाव देऊ? मी हो म्हटलं. त्या वेळी तरी सांगायला हवं होतं.

काल त्यांचं सामान आलं. चष्मा, एक सदरा, दाढीचं सामान. तिकडे कुठल्याशा गावात ती म्हातारी पत्राची वाट बघत असेल, आणि हे सगळं माझ्या टेबलावर आहे. सोबत पोचपावती आहे. नाव लिहिलं, सही केली. ‘मयताशी नाते’ हा रकाना मात्र अजून कोराच आहे.