बाळाचं चित्र असलेली बाटली

बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या चाळीत भांड्यांचा साबण सहसा कुणी विकत आणत नाही. अर्धी चाळ एमआयडीसीत कामाला जाते, आणि कुणाच्या ना कुणाच्या डब्याच्या पिशवीतून फेसाची पेस्ट घरी येते. पिवळट, चिकट, चमच्याला लोंबणारी. शाम्पू म्हणा, फेसवॉश म्हणा, त्यांना फेस येतो तो असल्या पेस्टमुळे. बादलीत पाणी घ्यायचं, पेस्ट ढवळायची, मीठ टाकलं की पाणी घट्ट होतं. मग घरातल्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांत भरायचं. माझा नवरा सुट्टीच्या दिवशी रवी घेऊन हे काम करतो, आणि इतका रंगात येऊन करतो की घरात श्रीखंड चाललंय असं वाटावं. किती पेस्ट, किती पाणी, सगळा अंदाजपंचे कारभार. फेस भरपूर आला की झालं.

भांड्यांना ते ठीक होतं. माझा राग भांड्यांबद्दल नाही.

सांगलीकडे माहेरी बाळंतपण करून मी पोरीला घेऊन परत आले तेव्हा ती गुबगुबीत होती, अंग कसं तुकतुकीत. इथे आल्यावर काही दिवसांत तिच्या मानेच्या घड्या लाल झाल्या. मग कोपरांच्या आतली बाजू, मग गुडघ्यांच्या मागे. कातडी खरखरीत होऊन कोंड्यासारखी सुटायला लागली. सासूबाई आंघोळ घालायला बसल्या आणि पाणी अंगावर पडलं की ती अशी किंचाळायची की शेजारणी दारात येऊन उभ्या राहायच्या. आणि तान्ह्या पोराला काही झालं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. आई काय खाते?

आई काय खाते! बाप काय आणतो, आजी काय चोळते, हे कुणी विचारत नाही. सासूबाईंनी आधी माझं वांगं बंद केलं. मग शेंगदाणे. मग तुरीची डाळ. "अंगावर पाजतीस न्हवं? तुझ्या जिभेमुळं लेकरू भोगतंय," असं त्या चारचौघींत म्हणाल्या, आणि चारचौघींनी माना डोलावल्या. शेवटी चिंचणीहून दारावर येणाऱ्या मासेवाल्या मावशींचे बोंबीलही बंद झाले. मावशी चिडल्या. "आमची पोरां बोंबलावरच वाढली, त्यांना नाय झालं काय! माझ्या मालाला नावं नको ठेवू, बाई," असं सासूबाईंना सुनावून त्या टोपली उचलून गेल्या. माझ्या बाजूने तेवढ्या त्याच बोलल्या, त्याही त्यांच्या बोंबलांसाठी. मी मुगाच्या खिचडीवर दिवस काढत होते, आणि पोरगी होती तशीच होती. नवरा म्हणायचा, "बोईसरची हवाच तशी." हवेला दोष देणं सोपं, ती उलटून बोलत नाही.

तो कामावरून आला की मी संध्याकाळी त्याच्या तळव्यांना खोबरेल लावते. लग्न झाल्यापासून लावते. हातांना चिरा पडलेल्या असतात, बोटांच्या बेचक्यांत सालं निघालेली असतात. कामाचे हात, असं आम्ही दोघंही म्हणत आलो. एका संध्याकाळी त्याच्या हातांना तेल लावून झालं, आणि त्याच वाटीतलं तेल घेऊन मी पोरीच्या मानेला लावायला गेले. बोटं थांबली. तीच खरखर. तेच सुटलेलं साल. माझ्या बोटांना एकाच कातडीवरून फिरल्यासारखं वाटलं, फक्त एक तीस वर्षांची आणि दुसरी पाच महिन्यांची.

मी उठून मोरीत गेले. फळीवर बाळांच्या साबणाची बाटली होती, वर हसऱ्या बाळाचं चित्र. बारशाला माझ्या बहिणीने दिलेली. इतके दिवस रोज वापरूनही ती संपत कशी नाही, हे मला आत्ता सुचत होतं. झाकण उघडून वास घेतला. त्याच्या कामाच्या शर्टाला येतो तो वास.

"ह्यात काय भरलंय?" मी विचारलं.

"संपली होती, मग भरली मी," नवरा म्हणाला. "अगं, विकतच्या बाटलीत तरी काय असतं? आमचाच माल जातो तिथं. वरचं चित्र तेवढं वेगळं."

सासूबाई खोलीतून म्हणाल्या, "आधीच्याला मेल्याला फेसच न्हवता. ह्याला कसा भसाभसा येतो. घड्यांत नीट घोळवून ठेवायची मी, मळ निघावा म्हणून."

मी ओरडले. आयुष्यात सासूबाईंसमोर आवाज चढवला नव्हता, तो सगळा साठा त्या दिवशी बाहेर आला. माझं वांगं काढलंत, डाळ काढलीत, माझ्या दुधावर आळ घेतलात आणि मोरीत हे! बाटली मी मोरीत उपडी केली. पाणी ओतत राहिले, तरी फेस संपेना.

नवरा म्हणाला, "त्याने काही होत नाही गं. मी रोज हात घालतो त्यात."

मी त्याचा हात धरला, ट्यूबलाइटखाली उलटा केला आणि शेजारी पोरीची मान धरली. "बघा," म्हटलं. तो बघत राहिला. "हे कामाचं आहे," एवढंच म्हणाला, पण आवाज खाली गेला होता. हातमोजे देत नाहीत का, मी विचारलं. देतात, पण फाटले की बदलून मिळत नाहीत. वरचे साहेब पाहणीला आले की नवे जोड निघतात आणि ते गेले की कपाटात जातात.

बोईसरच्या डॉक्टरांनी सांगितलं ते मी शांतपणे ऐकलं, कारण माझ्या ताटात न डोकावणारे ते पहिलेच. ते म्हणाले, ही पेस्ट विष नाही. मोजून-मापून, सौम्य करून बनवलेल्या साबणात ती असते, अंगावरून लगेच धुतली जाते, बहुतेकांना चालते. पण मळाबरोबर ती कातडीचं स्वतःचं तेलही काढून नेते. तुम्ही ती जाड लावलीत, घड्यांत ठेवलीत, आणि बाळाची कातडी आधीच पातळ. बाळाला फेस लागतच नाही. कोमट पाणी पुरे. लावायला त्यांनी एक मलम दिलं.

पोरगी आता बरी आहे. मान मऊ झाली, आंघोळीला हसते. मी वांगं खाते, बोंबील खाते, सासूबाई काही बोलत नाहीत. माझी माफी मात्र त्यांनी मागितलेली नाही.

मी नवऱ्याला म्हणाले, साहेबांकडून हातमोजे मागून घ्या. त्याने मागितले. उत्तर मिळालं, "काम नहीं करना है तो बोल, गेट पे दूसरे खड़े हैं." तो हे सांगत होता तेव्हा मी त्याच्या हातांना तेल लावत होते. पोरीची पेस्ट बंद केली आणि ती बरी झाली. ह्याची कशी बंद करू?